मंजुरीपत्र आले, कर्ज आले नाही: एका कर्जदाराच्या कागदपत्रांचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातल्या व्यक्ती, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत. संबंधित बँक आणि कंपन्यांची नावे दिलेली नाहीत. कर्जदार बाईंना आमच्या मार्गदर्शन केंद्रात सगळे 'ताई' म्हणत, इथेही तेच संबोधन ठेवले आहे.

पार्श्वभूमी

ताई एका खासगी दवाखान्यात हिशेब सांभाळतात. पगार नियमित, दरमहा बँकेत जमा होणारा. दुचाकीचे कर्ज चालू होते आणि क्रेडिट कार्डावर थोडी थकबाकी होती. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या धावपळीत दुचाकीचे दोन हप्ते चुकले. ते त्यांनी पुढच्या महिन्यात भरले, पण क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, घसरला तो घसरलाच. शस्त्रक्रियेसाठी केलेली उसनवारी फेडायला त्यांना दीड लाख रुपये हवे होते. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथेच अर्ज केला, तो नामंजूर झाला. काउंटरवर उत्तर मिळाले, "स्कोअर बसत नाही." त्यापुढे काही नाही.

त्याच रात्री त्यांनी मोबाइलवर कमी स्कोअर असताना कर्ज कुठे मिळते ते शोधले. 'सिबिल कमी असले तरी कर्ज' (सिबिल म्हणजे बोलीभाषेत हाच स्कोअर) अशी जाहिरात वर आली आणि त्यांनी तिथला अर्ज भरला. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. नकार आणि जाहिरात यांच्यात एका संध्याकाळचेच अंतर होते, आणि फसवणूक करणारे नेमके तिथे टपून असतात. ज्याला सहज कर्ज मिळते तो त्यांच्या जाळ्यात क्वचितच सापडतो.

काय घडले

अर्ध्या तासात फोन आला. बोलणाऱ्याने एका नावाजलेल्या वित्त कंपनीचे नाव सांगितले आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं टू-व्हीलरचं लोन चालू आहे ना? हप्ता अमुक, पगार अमुक, दीड लाखाची गरज आहे. पॅन नंबर कन्फर्म करतो, ऐका." सगळे बरोबर होते. ताईंचा विश्वास बसला तो इथेच. "इतकी माहिती बाहेरच्या माणसाला कशी असेल?" असे त्या नंतरही आम्हाला विचारत होत्या.

मग कागदपत्रे मागितली: आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट पासवर्डसकट, तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, रद्द केलेला चेक, एक सेल्फी आणि संदर्भ म्हणून दोघांचे मोबाइल नंबर. ताईंनी सगळे व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांना यात वावगे वाटले नाही, कारण दुचाकीच्या कर्जाच्या वेळी खऱ्या एजंटानेही हेच कागद असेच व्हॉट्सॲपवर घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मंजुरीपत्राची पीडीएफ आली. मागितले दीड लाख, मंजूर झाले तीन लाख, आणि व्याजदर त्यांच्या बँकेपेक्षाही कमी. पत्रावर कंपनीचे बोधचिन्ह होते, शेजारी रिझर्व्ह बँकेची मुद्रा आणि खाली गोल शिक्का. त्यानंतर पैसे मागायला सुरुवात झाली. आधी फाइल चार्ज २,४९९ रुपये. मग कर्जाचा विमा म्हणून ७,८०० रुपये. नंतर खाते क्रमांकात एक आकडा चुकला, म्हणून 'रिझर्व्ह बँकेने रक्कम होल्ड केली', ती सोडवायला १४,५०० रुपये, सगळे परत मिळणारे. दरम्यान 'लोन स्टेटस दिसेल' असे सांगून एक एपीके फाइल, म्हणजे अधिकृत ॲप स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, पाठवली. ती उघडताना फोनने धोक्याची सूचना दिली, पण 'मॅडम, ती सगळ्यांनाच येते' असे सांगून त्याने तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जायला लावले. ॲपने एसएमएस, संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही.

चौथी मागणी १८,००० रुपयांची होती, टीडीएसच्या, म्हणजे कापून घ्यायच्या कराच्या नावाने. ताईंनी ते दवाखान्यातल्या सहकारी नर्सकडे उसने मागितले. त्या म्हणाल्या, "अगं, कर्ज मिळावं म्हणून कर्ज कशाला काढतेस?" आणि त्यांना घेऊन आमच्याकडे आल्या.

प्रश्न नेमका काय होता

ताईंचा प्रश्न एकच होता: आणखी अठरा हजार भरले तर तीन लाख मिळतील का, की आधीचे चोवीस हजार सातशे नव्याण्णवही बुडतील? त्यांच्या मनात अजून हे कर्जच होते, फसवणूक नव्हती. त्यामुळे पुढचे काही करण्याआधी त्यांना स्वतःला पटणे गरजेचे होते. फसवणूक झाली असे आम्ही नुसते सांगितले असते, तर बाहेर पडताच त्या पुन्हा त्याच माणसाशी बोलल्या असत्या.

म्हणून आम्ही फोनच्या ब्राउझरमधून तो पहिला अर्ज पुन्हा उघडला. नाव, जन्मतारीख, पॅन, पगार, चालू कर्ज कोणाकडे, हप्ता किती, गरज किती: एकेक रकाना वाचत गेलो. त्या माणसाने फोनवर जे जे ओळखून दाखवले होते, ते सगळे ताईंनी स्वतः तिथे भरले होते. त्यापलीकडची एकही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

मग पैसे पाठवल्याच्या पावत्या पाहिल्या. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसते. तिन्ही वेळा ते वेगवेगळ्या व्यक्तींचे होते, कंपनीचे एकदाही नव्हते. ताईंनी एकदा विचारलेही होते, तेव्हा 'ते आमच्या कॅशियरचं खातं आहे' असे उत्तर मिळाले होते. शेवटी त्या वित्त कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक घेऊन ताईंनीच फोन लावला. मंजुरीपत्रावर छापलेला क्रमांक वापरला नाही, आणि शोधात जाहिरात म्हणून वर आलेलाही नाही. पलीकडून उत्तर आले, "या पॅनवर आमच्याकडे कोणताही अर्ज नाही." ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता काय करायचं ते सांगा."

तोवर आमच्या लक्षात आले होते की इथे एक नव्हे, तीन नुकसाने आहेत. गेलेला पैसा हे पहिले. त्यातला काही परत मिळण्याची आशा असेल तर ती पुढच्या काही तासांपुरतीच. दुसरे म्हणजे फोन, ज्यात आलेला प्रत्येक ओटीपी कोणीतरी वाचत असण्याची शक्यता होती. तिसरे म्हणजे कागदपत्रे. हे नुकसान त्या दिवशी दिसत नव्हते आणि पुढे कितीही महिने होत राहू शकत होते. लोक पैशाची तक्रार करून घरी जातात आणि कागद विसरतात, असा अनुभव आम्हाला वारंवार येतो.

समोरचे पर्याय

ताईंची पहिली कल्पना अशी की त्या माणसाला बोलण्यात गुंतवायचे, अठरा हजार भरते असे सांगून आधीचे पैसे काढून घ्यायचे. ती आम्ही मोडून काढली. अशी बोलणी हा त्यांचा रोजचा धंदा आहे, आणि प्रत्येक तासागणिक पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत असतो.

खरी अडचण फोनची होती. फोन लगेच फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळे पुसून नव्यासारखा केला, तर ॲप जाईल, पण त्याबरोबर व्हॉट्सॲपवरच्या गप्पा, मंजुरीपत्र आणि ते ॲप हा पुरावाही जाईल. रीसेट केला नाही तर ओटीपी चोरीला जात राहतील. दोन्ही बाजूंनी बोलणारे आमच्यात होते. मधला मार्ग निघाला तो सिमकार्डाचा: सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालायचे, मूळ फोनचा डेटा आणि वायफाय बंद करायचे. ओटीपी सिमवर येतात, त्यामुळे ते साध्या फोनवर येतील. बिघडलेला फोन इंटरनेटशिवाय काही बाहेर पाठवू शकणार नाही आणि पुरावाही जागेवर राहील.

बँक खाते बंद करावे का, हाही प्रश्न आला. पगार त्यातच जमा होतो, दुचाकीचा हप्ता त्यातूनच जातो. खाते बंद केले आणि हप्ता पुन्हा चुकला तर आधीच खाली आलेला स्कोअर आणखी खाली जाईल. म्हणून खाते ठेवून त्याचे मार्ग बंद करायचे ठरले.

सगळ्यात अवघड ठरले ते लोकांना सांगणे. संदर्भ म्हणून ज्यांचे नंबर दिले होते ते भाऊ आणि दवाखान्यातले डॉक्टर. ताई म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले, पण डॉक्टरांना कळायला नको." त्यांची लाज आम्हाला समजत होती. पण संपर्क यादी आणि फोटो त्या ॲपच्या हाती गेले होते. आज ना उद्या बदनामीचा संदेश जाणारच होता, मग तो ताईंच्या आधी पोहोचू द्यायचा की नंतर, एवढाच निर्णय त्यांच्या हातात होता. तो त्यांनी स्वतः घेतला, आम्ही घाई केली नाही.

काय केले

सर्वात आधी नर्सच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक लावला. तिथे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि घेणाऱ्याचे खाते विचारतात, म्हणून तिन्ही पावत्या आधीच समोर मांडून ठेवल्या. १४,५०० रुपये त्याच सकाळी गेलेले असल्याने तो व्यवहार पहिल्यांदा नोंदवला. त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण केली. दुसरीकडे बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि डेबिट कार्ड बंद करून घेतले.

मूळ फोनवरच्या गप्पा, नंबर, पत्र आणि ॲपला दिलेल्या परवानग्यांची स्क्रीन, या सगळ्यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढले. पोलिसांनी तक्रारीबरोबर तपशील नोंदवून घेतल्यावरच तो फोन रीसेट केला. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून आधीच बदलले होते. कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना, तेही सेटिंगमध्ये पाहिले.

मग एका कोऱ्या कागदावर यादी केली. डावीकडे बाहेर गेलेला प्रत्येक कागद, मध्ये त्याचा गैरवापर काय होऊ शकतो, उजवीकडे त्यावर उपाय. या प्रकरणात सर्वाधिक उपयोगी पडले ते हे पान.

आधारसाठी बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे वापरून होणारी ओळख, लॉक केले आणि आधार कुठे वापरला गेला याचा इतिहास पाहिला. संचार साथी पोर्टलवर ताईंच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते तपासले, अनोळखी एकही नव्हती. रद्द केलेल्या चेकचा क्रमांक बँकेला देऊन त्याचे पेमेंट थांबवले आणि खात्यावर कोणते ऑटो-डेबिट आदेश नोंदले आहेत ते पाहिले. पॅन, सेल्फी आणि पगारपत्रिका एकत्र हाती असल्या की दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढता येते, म्हणून कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंचे अहवाल पाहायचे ठरवले: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही एकाच दिवशी न मागवता तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवला तर वर्षभर नजर राहते. पण इथे धोका ताजा होता, म्हणून दोन लगेच घेतले आणि दोन राखून ठेवले.

भावाला आणि डॉक्टरांना ताईंनी पाठवलेला संदेश असा होता: 'कर्जाच्या नावाखाली माझी फसवणूक झाली आहे. पोलिसांत तक्रार केली आहे. माझ्या नावाने कोणी पैसे मागितले, धमकी दिली किंवा फोटो पाठवला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढून मला पाठवा आणि नंबर ब्लॉक करा.' डॉक्टरांनी तो दवाखान्याच्या ग्रुपवर स्वतःहून टाकला.

निष्पत्ती

धमकी दुसऱ्याच दिवशी आली. 'करार झाला आहे, पैसे भरले नाहीत तर सिबिल खराब करू, अटक होईल' असे लिहिलेली वकिलाच्या नावाची नोटीस, आणि दवाखान्यातल्या काही जणांना 'ही बाई कर्जबुडवी आहे' असा संदेश. तो वाचून कोणालाच धक्का बसला नाही. ताईंकडे एका दिवसात सहा स्क्रीनशॉट जमले आणि ते तक्रारीला जोडले. उत्तर न मिळाल्यावर संदेश आठवड्याभरात थांबले.

पैशांपैकी सकाळच्या व्यवहारातले ९,२०० रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि हे लिहीपर्यंत तो प्रलंबित आहे. आधीचे दोन व्यवहार जुने होते, ती रक्कम काढून घेतलेली होती. बँकेकडून भरपाई मागावी का, हा विचार झाला, पण पैसे ताईंनी स्वतः पिन टाकून पाठवले होते. ग्राहकाच्या दायित्वाबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला, त्यातले संरक्षण प्रामुख्याने ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना होते.

दोन महिन्यांनी ताईंना एक एसएमएस आला: एका कर्जसंस्थेने तुमचा क्रेडिट अहवाल पाहिला. ताईंनी कुठेही अर्ज केला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने असा संदेश पाठवणे ब्युरोंना बंधनकारक केले आहे, आणि इथे त्याचे मोल कळले. त्याच दिवशी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पोलीस तक्रारीच्या प्रतीसह ईमेल गेला. अर्ज ताईंच्याच पॅन आणि सेल्फीवर झाला होता. रक्कम वाटप होण्याआधी तो थांबला. ब्युरोकडे अहवाल पाहिल्याची ती नोंद काढून टाकण्याची मागणी केली, आणि ती ३० दिवसांच्या आत मान्य झाली. मुदत उलटली असती तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता आली असती.

आणखी एक फोन आला. 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचे २४,७९९ रुपये सापडलेत, १,९९९ भरा की परत मिळतील.' आकडा तंतोतंत बरोबर होता. पण पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत, हे तोवर ताईंना पक्के ठाऊक होते. त्यांनी फोन ठेवला आणि नंबर तपास अधिकाऱ्याला कळवला.

मूळ गरज भागली ती वेगळ्याच वाटेने. डॉक्टरांना सगळे कळल्यावर दवाखान्याने पगारातून वळती होणारी आगाऊ रक्कम दिली.

काय वेगळे करता आले असते

ताईंच्या बाजूने पाहिले तर थांबण्याच्या जागा तीन होत्या. मागितले त्याच्या दुप्पट कर्ज, तेही स्कोअर कमी असताना आणि व्याज कमी लावून, ही पहिली. मंजुरीपत्रावर रिझर्व्ह बँकेची मुद्रा, ही दुसरी. रिझर्व्ह बँक कोणाचे वैयक्तिक कर्ज मंजूर करत नाही, अडवून धरत नाही आणि सोडवतही नाही. तिसरी म्हणजे पैसे घेणाऱ्याचे नाव. माझ्या मते तिन्हींत हीच सर्वात भरवशाची, कारण पत्र बनावट करता येते, पण पिन टाकण्याआधी दिसणारे नाव बँकेकडून येते.

'आधी पैसे मागितले म्हणजे फसवणूक' असा सरसकट नियम मात्र मी सांगणार नाही. घरकर्जात काही संस्था अर्जाच्या वेळीच फी घेतात. ती कर्जसंस्थेच्या स्वतःच्या खात्यात जाते आणि तिची पावती मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. त्यात कर्जाचा वार्षिक टक्केवारीतला एकूण खर्च आणि सगळे आकार लिहिलेले असतात. ताईंना ते एकदाही मिळाले नव्हते, आणि ते मागायचे असते हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ॲपबाबतही तेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाच्या ॲपला संपर्क यादी, फाइल, फोटो किंवा कॉल लॉग यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण एवढेच, तेही केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख तपासण्यासाठी, एकदा आणि संमतीने. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला अँड्रॉइडवर मिळणाऱ्या सुमारे ११०० कर्ज ॲपांपैकी ६०० च्या आसपास बेकायदा आढळली होती. आता अधिकृत संस्थांशी जोडलेल्या ॲपांची यादी १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. त्या यादीत नाव सापडले नाही तर ॲप उतरवू नये. एपीके फाइल तर कोणीही पाठवली तरी उघडू नये.

कागद पाठवायचेच असतील तर आधारची शेवटचे चार आकडेच दाखवणारी प्रत द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर आडवे लिहावे: 'फक्त अमुक संस्थेच्या कर्ज अर्जासाठी', खाली तारीख. ताईंच्या पॅनवर असे लिहिलेले असते तर दोन महिन्यांनंतरचा तो अर्ज कदाचित पहिल्याच तपासणीत अडला असता.

पण सगळा भार कर्जदारावर टाकणे मला मान्य नाही. अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावे, असे कर्जसंस्थांनी पाळायची उचित व्यवहार संहिता सांगते. ताईंच्या बँकेने ते केले असते आणि त्याच पत्रात 'कमी स्कोअरवर खात्रीने कर्ज देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, चुकलेल्या हप्त्यांची नोंद अशी सुधारते' एवढे लिहिले असते, तर ती रात्रीची शोधाशोध कदाचित झालीच नसती. दुचाकीच्या कर्जाच्या वेळी खऱ्या एजंटाने सगळे कागद व्हॉट्सॲपवर घेतले, त्यानेच ताईंना ही पद्धत नेहमीची वाटू लागली. कर्जसंस्थांनी आपल्या एजंटांना व्हॉट्सॲपवर कागद घ्यायला मनाई करावी आणि ते फक्त स्वतःच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावर स्वीकारावेत, अशी लेखी विनंती आम्ही ताईंच्या संमतीने त्यांच्या दुचाकी कर्जाच्या कंपनीला केली आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ती पुढे पाठवल्याचे कळवले आहे. तीस दिवसांत ठोस उत्तर आले नाही तर तोच मजकूर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे द्यायचा, असे ताईंनी ठरवले आहे.